गल्ल्यातला सरकारी हिस्सा

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या पेठेत अंगाच्या साबणाचा पुडा घेणारी बाई कर भरते. आयकर खात्याच्या यादीत तिचं नाव नसेल. ती रोजगारावर द्राक्षबागेत जात असेल, तिच्या हातात पैसे आठवड्याला एकदाच येत असतील. तरी १०५ रुपयांच्या पुड्यामागे ती ५ रुपये सरकारला देते. त्यातले अडीच रुपये केंद्राचे आणि अडीच महाराष्ट्राचे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी याच पुड्यावर १८ टक्के कर होता, म्हणजे १०० रुपयांच्या मालामागे १८ रुपये. ही रक्कम छापील किमतीतच मुरलेली असते. ती वेगळी मोजून द्यावी लागत नाही, म्हणून जाणवत नाही. मग पारावर बसल्या बसल्या कुणीतरी म्हणतं, ‘टॅक्स भरणारे वेगळे, आपण कुठं टॅक्स भरतो?’

हे विधान चुकीचं आहे, आणि त्यातून नुकसानही होतं. आपण करदाते नाही असं ज्याला वाटतं तो बिल मागत नाही, दर विचारत नाही, आणि गावातल्या गटारीचं काम रखडलं तर तक्रारही हात जोडून करतो. पुढची पानं विक्रीवरच्या कराबद्दल आहेत: तो कुठं लागतो, कोण गोळा करतं, कुणाकडे जातो आणि परत येताना कुठं अडतो. कायद्याची कलमं त्यात आहेत, पण गरजेपुरती. भर आहे तो पलूस, तासगाव, विटा, कराड या पट्ट्यातल्या दुकानांवर, बागांवर आणि सौद्यांवर.

सार्वजनिक पैसा कुणाचा, हा प्रश्न कुंडलला नवा नाही. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे अडवून तो पैसा ताब्यात घेण्यात आला. त्या मोहिमेत कुंडलचे जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड होते. पुढल्या वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, खानदेशात चिमठाण्याजवळ धुळ्याचा सरकारी खजिना घेण्यात आला. परक्या सत्तेनं रयतेकडून वसूल केलेला पैसा हा रयतेचाच आहे, ही या कृतींमागची ठाम भूमिका होती. कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं केंद्र होतं. त्या मातीत आज प्रत्येक खरेदीतून निघणाऱ्या पैशाचा हिशेब कुणाला ठाऊक नसावा, हे मनाला लागतं.

पेट्रोलपासून सुरुवात

भारतात विक्रीकराचा उगम शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो नागपुरात सापडतो. १९३५ च्या भारत सरकार कायद्यानं प्रांतांना मालाच्या विक्रीवर कर लावायचा अधिकार दिला आणि १९३८ मध्ये, नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांत-वऱ्हाडानं पेट्रोल आणि वंगणाच्या किरकोळ विक्रीवर कर बसवला. केंद्रानं हरकत घेतली: हे तर उत्पादन शुल्कच झालं, आणि ते आमचं. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं आणि निकाल प्रांताच्या बाजूनं लागला. वर्षभरात, १९३९ मध्ये, राजगोपालाचारींच्या मद्रास सरकारनं सर्वसाधारण विक्रीकर आणला. दारूबंदीनं बुडालेलं उत्पन्न त्यांना भरून काढायचं होतं.

मुंबई प्रांताचा विक्रीकर कायदा १९४६ चा. तो लागू झाला १ ऑक्टोबर १९४६ पासून. पण कुंडलचा दुकानदार तेव्हा त्या कायद्याच्या कक्षेत नव्हता, कारण कुंडल औंध संस्थानात होतं. सातारा जिल्ह्याच्या दक्षिण भागाचा नकाशा त्या काळी ठिगळांचा होता. एक गाव इंग्रजी मुलखातलं, शेजारचं औंधचं, पलीकडचं सांगलीकर किंवा मिरजकर पटवर्धनांचं. ८ मार्च १९४८ ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि मग पेठेपेठेतला हा कायद्याचा फरक मिटला.

पुढे १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. तो १९६० पासून जवळजवळ अर्धशतक चालला. राज्याबाहेर माल विकला तर १९५६ चा केंद्रीय विक्रीकर कायदा, कमी दरासाठीचा त्याचा ‘सी फॉर्म’ आणि तो मिळवण्यासाठीच्या खेपा. शिवाय साखर, कापड आणि तंबाखू या तीन वस्तूंवर राज्यांनी विक्रीकर न लावता केंद्रानंच जादा अबकारी वसूल करून राज्यांना वाटायची, असं १९५७ मध्ये ठरलं. ऊस पिकवणाऱ्या पट्ट्याला ही व्यवस्था चांगली ठाऊक होती, कारण राज्यानं १९६२ मध्ये ऊस खरेदीवर स्वतंत्र खरेदी कर बसवला होता. साखरेवर एक हात केंद्राचा, उसावर दुसरा राज्याचा.

१ एप्रिल २००५ ला विक्रीकराची जागा मूल्यवर्धित करानं, म्हणजे व्हॅटनं घेतली. व्यापाऱ्यांचा विरोध मोठा होता. वह्या नव्यानं घालायच्या, प्रत्येक खरेदीचं बिल जपायचं, रिटर्न भरायचं, हे सगळं त्यांना जाचक वाटलं आणि ते समजण्यासारखं होतं. पण त्यामागचा विचार बरोबर होता. जुन्या करात एकाच मालावर पुन्हा पुन्हा कर चढायचा, आणि ग्राहकाला शेवटी किती कर भरला हे कुणीच सांगू शकत नव्हतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी, म्हणजे वस्तू आणि सेवा कर, आला. व्हॅट, अबकारी, सेवा कर, प्रवेश कर, जकात, ऊस खरेदी कर असे बरेच कर त्यात विरघळले.

दुकानदार वसूल करतो, देतो ग्राहक

साबणाच्याच उदाहरणानं ही साखळी पाहता येते. कारखान्यानं ८० रुपयांना माल विकला आणि ५ टक्क्यांनी ४ रुपये कर घेतला. सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्यानं तो ९० ला पुढे दिला आणि साडेचार रुपये कर लावला. त्यानं कारखान्याला आधीच ४ दिले आहेत, म्हणून तो सरकारला फक्त ५० पैसे भरतो. कुंडलच्या दुकानदारानं १०० ला विकून ५ रुपये घेतले, साडेचार वजा केले आणि ५० पैसे भरले. सरकारकडे एकूण ५ रुपये पोचले. कारखाना, घाऊक व्यापारी आणि दुकानदार या तिघांपैकी कुणाच्याही खिशातून छदाम गेला नाही. पूर्ण ५ रुपये गेले ते त्या बाईच्या कनवटीतून.

म्हणून ‘व्यापारी टॅक्स भरतात’ हे अर्धंच खरं. व्यापारी तो गोळा करून भरतात. या कामाचा मेहनताना त्यांना मिळत नाही आणि जोखीम मात्र त्यांची असते. दरमहा भरणाऱ्यानं विक्रीचा तपशील पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यायचा, कर आणि विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं. उलाढाल ५ कोटींच्या आत असेल तर विवरणपत्र तिमाहीला भरायची सोय आहे, पण कर दरमहाच. आणि ज्या पुरवठादाराकडून माल घेतला त्यानं आपली विक्री पोर्टलवर दाखवलीच नाही, तर आधी दिलेला कर वजा करता येत नाही. सांगलीतल्या घाऊकवाल्यानं रिटर्न चुकवलं की कुंडलचा दुकानदार त्याच करासाठी दुसऱ्यांदा खिशात हात घालतो. प्रामाणिकपणे वह्या ठेवणाऱ्या लहान व्यापाऱ्याची याइतकी खरी तक्रार दुसरी नाही, आणि ती सरकारनं मनावर घ्यायला हवी.

सगळ्याच दुकानांना हे लागू नाही. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या, राज्यातच माल विकणाऱ्या दुकानाला सहसा नोंदणी करावी लागत नाही. सेवा देणाऱ्याला, मग तो मोबाइल दुरुस्त करणारा असो की केस कापणारा, ही मर्यादा २० लाखांची आहे. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला ‘कंपोझिशन’ योजना घेता येते. तो आपल्या करपात्र उलाढालीवर १ टक्का भरतो, वह्यांचा पसारा कमी होतो, पण ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही. त्याच्या दुकानात आणि बिलावर तसं लिहिलेलं असावं लागतं.

इथं ग्राहकाचा संबंध येतो. नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनच्या दुकानात कुणी बिलावर ‘जीएसटी जादा’ लावला, तर ती वसुली बेकायदा आहे. तो पैसा सरकारी नाही.

बिलावरचे पंधरा आकडे-अक्षरं

पक्क्या बिलावर दुकानाचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन आकडे राज्याचे. २७ म्हणजे महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा. पुढची दहा अक्षरं-आकडे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. हा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली आणि ते कंपोझिशनमध्ये आहे का, हे मोबाइलवर मिनिटभरात दिसतं. कॉलेजात जाणारी मुलं घरोघरी आहेत. हे काम त्यांच्यावर सोपवता येईल.

बिलात कराच्या दोन ओळी दिसतात, सीजीएसटी आणि एसजीएसटी. दोन्हींची रक्कम सारखी. पहिली केंद्राची, दुसरी राज्याची. माल राज्याबाहेरून थेट ग्राहकाच्या नावे आला, उदाहरणार्थ बंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन, तर एकच ओळ असते: आयजीएसटी. ती रक्कम केंद्राकडे जमा होते आणि तिच्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळतो, कर्नाटकला नाही. माल जिथं वापरला जातो तिथं कर जावा, हा जीएसटीचा कणा आहे. केंद्रीय विक्रीकराच्या काळात उलट होतं. तेव्हा माल जिथून निघाला त्या राज्याला कर मिळायचा. कारखानदारीत पुढे असलेल्या महाराष्ट्राला या बदलाची धास्ती वाटणं साहजिक होतं. म्हणून राज्यांना पाच वर्षं, म्हणजे जून २०२२ अखेरपर्यंत, दरसाल १४ टक्के वाढ धरून भरपाईची हमी दिली गेली.

‘बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल’ हे वाक्य हार्डवेअरपासून मोबाइलच्या दुकानापर्यंत ऐकू येतं. वाचतो तो नेमका कुणाचा पैसा? माल बिलानं आला असेल तर त्यावरचा कर दुकानदारानं आधीच दिलेला असतो आणि तो किमतीत धरलेलाही असतो. बिल नाही म्हणजे मोटार जळाली तर हमी नाही, ग्राहक आयोगात पुरावा नाही. २०० रुपयांच्या आतल्या खरेदीला ग्राहकानं मागितलं नाही तर वेगळं बिल दिलं नाही तरी चालतं, असं कायदाच म्हणतो. पण मागितलं तर द्यावं लागतं, मग रक्कम कितीही असो. २०० च्या वर मागायचीही गरज नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

दरांचं गणित एका लग्नाच्या बस्त्यात छान उलगडतं. नवरीचा शालू, कितीही भारी असला तरी, न शिवलेलं कापड म्हणून ५ टक्क्यांत बसतो. नवरदेवाची शिवलेली शेरवानी अडीच हजारांच्या वर गेली की १८ टक्के. अडीच हजारांपर्यंतचे शिवलेले कपडे ५ टक्क्यांत. सोन्याला ३ टक्के. व्हॅटच्या काळात महाराष्ट्रात ते सव्वा टक्क्याच्याही आत होतं. नोंदणी असलेल्या मंगल कार्यालयाच्या भाड्याला १८. हारांच्या फुलांना आणि जेवणावळीच्या सुट्या भाजीला काहीच नाही. सोन्याच्या दराकडे या भागाचं लक्ष जरा जास्तच असतं, कारण खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी टापूतून बाहेर पडलेले विट्याकडचे गलाई व्यावसायिक देशभरच्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याचं काम करतात. जीएसटीपूर्वी त्यांना राज्याराज्यांचे वेगळे विक्रीकर कायदे पाळावे लागत. आता दर सगळीकडे एकच आहे, फक्त क्रमांकाचे पहिले दोन आकडे बदलतात.

बागायतदाराच्या अंगावर बसणारा कर

शेतकऱ्याला जीएसटी नाही, असं मंत्री सांगतात, अधिकारी सांगतात, आणि कागदावर ते खरं आहे. स्वतःच्या शेतातला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. ताजी द्राक्षं, ऊस, ओली हळद, भाजी, दूध यांवर कर नाही. तरीही या संपूर्ण विषयात सर्वांत जास्त अन्याय होतो तो शेतकऱ्यावरच, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

द्राक्षबागेची फवारणी छाटणीनंतर सुरू होते ती माल उतरेपर्यंत थांबत नाही. रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी आहे. १,००० रुपयांच्या औषधाला १८० रुपये. साबण कारखान्यानं रसायन विकत घेतलं तर त्यावरचा कर तो वजा करून घेतो. कुंडलच्या बागायतदाराला वजावट नाही, कारण तो नोंदणीत नाही आणि त्याच्या विक्रीवर करच नाही. तो उत्पादक आहे, पण करापुरता त्याला शेवटचा ग्राहक धरलं जातं. औषधावरचा १८ टक्के त्याच्याच खर्चात बसतो आणि सौद्यात दर ठरताना तो कुणी विचारात घेत नाही. त्याची द्राक्षं वाळून बेदाणा होतात, व्यापारी तो बेदाणा ५ टक्के कर लावून विकतो, तेव्हा औषधावर आधी भरलेल्या कराची वजावट साखळीत कुणालाच मिळालेली नसते. करावर कर चढू नये म्हणून आणलेल्या पद्धतीत शेतमालावर तो चढतोच.

बेदाण्याच्या बाबतीत आणखी एक घोळ बरीच वर्षं चालला. द्राक्ष म्हणजे शेतमाल, यात वाद नाही. पण ते वाळवलं की ती प्रक्रिया झाली का? मग शेडवर बेदाणा करून तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात आणणारा शेतकरी व्यापारी ठरतो का? उलाढाल ४० लाखांवर गेली तर त्याला नोंदणी लागते का? अखेर २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की शेतकऱ्यानं स्वतः पुरवलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही. ही एक ओळ निघायला साडेसात वर्षं लागली. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन २०१६ मध्येच मिळालेलं होतं. म्हणजे हा माल कुठला आणि कुणाचा हे एका सरकारी खात्याला पक्कं माहीत होतं आणि दुसरं खातं त्यावर विचार करत बसलं होतं.

पंपाची गोष्ट तर कुंडलच्या दारातली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधकरांनी दिलेल्या जागेवर कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना आणला आणि माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथला पंप देशभरच्या विहिरींवर बसला. १८ जुलै २०२२ पासून विजेवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपावरचा कर १२ वरून १८ टक्के झाला. २०,००० च्या पंपाला आधी २,४०० रुपये कर पडायचा, तो ३,६०० झाला. सप्टेंबर २०२५ च्या मोठ्या फेरबदलात ट्रॅक्टर १२ वरून ५ वर आला, त्याचे टायर १८ वरून ५ वर, ठिबक आणि तुषार संच ५ वर. त्याचं स्वागतच आहे. पण पाणी उपसल्याशिवाय ठिबक चालत नाही, आणि पंपाला ती सवलत मिळाली नाही.

साखर कारखान्यांचं चित्र वेगळं. कुंडलच्या क्रांती कारखान्याच्या गव्हाणीत पडणाऱ्या उसावर कर नाही, पोत्यातून निघणाऱ्या साखरेवर ५ टक्के आहे. मळीवर २८ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयानं ५ वर आला. गुळाची गंमत म्हणजे सुटी ढेप करमुक्त आणि तोच गूळ २५ किलोंच्या आतल्या, नाव छापलेल्या पाकिटात गेला की ५ टक्के. पिठाला आणि तांदळालाही हाच नियम, जुलै २०२२ पासून. गावच्या गिरणीतून दळून आणलेल्या पिठावर जीएसटी नाही, छापील पिशवीतल्या पिठावर आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ताजी असेल तर कर शून्य, बरणीत जॅम होऊन बसली तर ५, आणि सप्टेंबर २०२५ पर्यंत १२.

गावाच्या वाट्याला काय?

स्थानिक कर म्हटला की जुन्या माणसांना जकात नाका आठवतो. शहराच्या वेशीवर ट्रक थांबवायचे, माल तपासायचा, पावती फाडायची. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्यानं तिची जागा एलबीटीनं, म्हणजे स्थानिक संस्था करानं, घेतली. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये तो आला तेव्हा व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला. मुंबईची जकात मात्र जीएसटीच्या पहाटेपर्यंत चालू होती. नाके बंद झाल्यावर महापालिकांचं उत्पन्न बुडू नये म्हणून राज्यानं २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा करून त्यांना दरसाल ८ टक्के वाढीसह भरपाई देऊ केली.

कुंडल ग्रामपंचायत आहे. तिच्या पेठेतून रोज जो जीएसटी निघतो त्यातला रुपयाही तिथं थांबत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानं तिच्या हाती घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी आणि बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसणाऱ्या भाजीवालीकडून घेतली जाणारी बाजार फी एवढंच मुख्यतः उरतं. विक्रीतला पैसा आधी मुंबई-दिल्लीला जातो. केंद्राच्या वाट्यातले ४१ टक्के, वित्त आयोगानुसार, सगळ्या राज्यांत वाटले जातात. आयोगाचं गावासाठीचं अनुदान वेगळं येतं. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता, उरलेला ४० टक्के गावानं आपल्या गरजेनुसार खर्चायचा. कुंडलसारख्या मोठ्या बाजारपेठेच्या गावाला स्वतःच्या उलाढालीशी बांधलेलं उत्पन्न असायला हवं. पेठ वाढली तर गावाचा निधी वाढतो, हे ग्रामसभेला दिसलं पाहिजे. आज पेठ दुप्पट झाली तरी पंचायतीच्या तिजोरीत फार तर घरपट्टीची फेररचना होते.

कर कुठं गेला हे लोकांना दिसलं की तो सोसवतो, याचा दाखला याच मुलखातला आहे. दुकानदार आणि नोकरदार भरतात तो व्यवसाय कर, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, राज्यानं १९७५ मध्ये बसवला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. त्या योजनेचा पहिला प्रयोग वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला होता. शहरातल्या पगारातून कापला जाणारा पैसा दुष्काळी गावातल्या बंडिंगच्या कामावर जातो, एवढी सरळ वाट होती ती.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना विक्रीकर वेगळ्या रूपात भेटतो. न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्यांना फळीवर लावलेली किंमत आणि गल्ल्यावरची किंमत वेगळी दिसते, कारण तिथला ६.६२५ टक्के विक्रीकर शेवटी चढतो. कपड्यांवर आणि घरी शिजवायच्या बहुतेक अन्नावर तो नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात तोच दर ८.८७५ टक्के होतो: ४ राज्याचे, ४.५ शहराचे आणि उरलेला ०.३७५ महानगरातल्या वाहतुकीसाठी. डेलावेअर आणि ओरेगनमध्ये विक्रीकरच नाही. तिकडच्या पद्धतीत राज्याराज्यांतल्या, शहराशहरांतल्या दरांचा गुंता मोठा आहे. ऑनलाइन विक्रेत्यानं ग्राहकाच्या राज्याचा कर गोळा करायचा की नाही हे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला २०१८ मध्ये ठरवावं लागलं. पण एक गोष्ट तिथं चोख आहे. शहराचा हिस्सा किती, हे नागरिक सांगू शकतो आणि तो वाढवायचा म्हटलं की महापौराला जाब विचारतो.

आपल्याकडे दर ठरतात जीएसटी परिषदेत. केंद्राच्या मताचं वजन एकतृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश बहुमत लागतं. महाराष्ट्राचा अर्थमंत्री एकट्यानं साबणाचा दर बदलू शकत नाही, बेदाण्याचाही नाही. त्याच्या हातात उरलंय ते मुख्यतः दारू आणि पेट्रोल-डिझेल.

आणि १९३८ ची ती नागपूरची सुरुवात इथं पुन्हा समोर येते. प्रांतानं ज्या वस्तूवर पहिला विक्रीकर लावला, तीच वस्तू आजही जीएसटीबाहेर, राज्याच्या व्हॅटखाली आहे. १ जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्याचा दरही उरलेल्या राज्याच्या पातळीवर आणला गेला: पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. हा व्हॅट केंद्राची अबकारी धरलेल्या किमतीवर बसतो. म्हणजे कुंडलहून मिरजेला द्राक्षांच्या पेट्या नेणारा टेम्पोवाला डिझेल भरतो तेव्हा करावर कर देतो, आणि त्याची वजावट ना त्याला मिळते ना त्याच्या गिऱ्हाईकाला. डिझेल जीएसटीत आलं तर वाहतूक स्वस्त होईल हे खरं, पण राज्याच्या हातातलं शेवटचं मोठं साधनही जाईल. या दोन्ही बाजूंना वजन आहे आणि पुढे एक स्वतंत्र प्रकरण त्यावर दिलं आहे.

पुढल्या पानांचा क्रम ग्राहकापासून सुरू होतो. पहिला भाग बिल वाचायचा, दुसरा नोंदणी आणि कंपोझिशन यांतली निवड करू पाहणाऱ्या दुकानदाराचा. तिसरा आणि सर्वांत मोठा भाग द्राक्ष, बेदाणा, हळद, ऊस आणि दूध यांचा आहे. चौथ्यात ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक कसं वाचावं आणि ग्रामसभेत कोणते प्रश्न विचारावेत हे दिलं आहे. दर २२ सप्टेंबर २०२५ नंतरचे आहेत. परिषदेच्या प्रत्येक बैठकीनंतर ते बदलू शकतात, तेव्हा मोठ्या खरेदीपूर्वी पोर्टलवर किंवा कर सल्लागाराकडे एकदा खात्री करून घ्यावी.